मान मोडून

कष्टाळू माणसाची स्तुती करावयाची असली म्हणजे आपण मराठीत 'तो मान मोडून काम करतो' असे म्हणतो. आपल्या भाषेने मानेवर पुष्कळच ओझे टाकलेले आहे. मान ताठ राहिली तर तो अभिमान, खाली गेली तर लाज, डोलली तर संमती आणि तुकली तर शरणागती! हे सारे अलंकार झाले. परंतु 'मान मोडून' या शब्दांत अलंकार थोडा आणि इतिहास अधिक आहे असे मला नेहमी वाटत आले आहे.

जुन्या संस्कृत पोथ्या चाळणाऱ्यांना याचा पुरावा पोथीच्या शेवटच्या पानावर सापडतो. ग्रंथ उतरून संपला की लेखनिक आपले नाव, तिथी आणि संवत्सर लिहीत असे, आणि त्याखाली पुष्कळदा एक ठराविक श्लोक घालीत असे. पाठ, कंबर आणि मान मोडली आहे, नजर एका जागी खिळली आहे, तोंड खाली घालून मोठ्या कष्टाने हे लिहिले आहे, तेव्हा हा ग्रंथ जपून ठेवा, असा त्याचा आशय. एकाच मजकुराचा हा श्लोक वेगवेगळ्या प्रांतांतल्या, वेगवेगळ्या शतकांतल्या पोथ्यांवर आढळतो. ग्रंथकर्त्याने आपली कीर्ती मंगलाचरणात मागून घेतली; लेखनिकाच्या वाट्याला शेवटची चार चरणे आली आणि तीत त्याने आपल्या मानेची तक्रार नोंदवून ठेवली. मानदुखीविषयी आपल्याकडे इतकी सरळ साक्ष दुसरी क्वचितच असेल.

मराठी दफ्तरातील कारकुनाने असा श्लोक लिहिला नाही, पण त्याची बैठक काही निराळी नव्हती. जमिनीवर मांडी घालावयाची, उजवा गुडघा उभा करावयाचा, त्यावर कागद टेकवून बोरूने मोडी ओढावयाची. मोडीचे सारे वैशिष्ट्य हेच की हात उचलावा लागू नये. आणि हात उचलावा लागत नाही तेव्हा मानही वर उचलली जात नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमालांवर रुमाल पाहिले, किंवा येथे दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागारात कंपनी सरकारच्या काळातील सुवाच्य हस्ताक्षरांचे ठोकळे पाहिले, की इतिहासकाराला राजकारण दिसते. माझ्यासारख्या सरकारी नोकराला मात्र त्या अक्षरांमागे वाकलेल्या मानांची रांग दिसते.

लेखणीच्या या व्यवसायाकडे वैद्याच्या नजरेने प्रथम कोणी पाहिले, असे विचारले तर इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी याचे नाव घ्यावे लागेल. कारागिरांच्या रोगांवरील त्याचा ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तुमचा धंदा कोणता?' हाही प्रश्न विचारावा, असा आग्रह धरणारा हा वैद्य. १७१३ साली त्याने ग्रंथाला पुरवणी जोडली आणि तीत लेखनिक व कारकून यांवर एक प्रकरण घातले. सतत बसणे, हाताची एकाच दिशेने होणारी अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, अशी तीन कारणे त्याने दिली. सचिवालयात ज्याने पाच वर्षे काढली आहेत तो या तिसऱ्या कारणापाशी क्षणभर थांबल्याखेरीज राहणार नाही.

या प्रकरणात एका लेख्यप्रमाणकाची, म्हणजे आजच्या भाषेत नोटरीची, हकीकत आहे. जन्मभर लिहून त्याने बराच पैसा मिळविला. पुढे त्याचा उजवा हात थकू लागला. कोणत्याही उपायाने गुण येईना, आणि शेवटी तो हात निकामी झाला. चिकाटीचा माणूस, त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला. थोड्याच काळात डाव्या हातालाही तीच व्याधी जडली. रामाझिनीने दोष लेखणीला दिला. तीनशे वर्षांनंतर घरबसल्या निदान करणे हा आगाऊपणा ठरेल. त्या नोटरीला नेमके काय झाले होते ते कोणालाही सांगता येणार नाही. परंतु एकामागून एक दोन्ही हात निकामी होत गेले हे वाचल्यावर आजचा मज्जाविकारतज्ज्ञ लेखणीकडे पाहण्याआधी त्या माणसाच्या मानेकडे पाहील, एवढे खात्रीने म्हणता येते. हाताचे दुखणे मानेत उगम पावत असेल हे माणसाच्या ध्यानात येण्यास फार काळ लागला. मानदुखीच्या इतिहासातील खरी गोष्ट हीच आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांनी दोन्ही टोके पाहिली होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये 'मन्यास्तंभ' येतो, म्हणजे मान आखडणे. दिवसा झोपणे, बसण्या-उभे राहण्यातील विपरीतपणा, मान वेडीवाकडी ठेवून पाहत राहणे ही कारणे त्यात सांगितली आहेत, आणि ती आजही कोणी वैद्यक पदवीधर नाकारणार नाही. त्याच अध्यायात 'विश्वाची' नावाचा विकार आहे: बाहूच्या मागील बाजूने बोटांपर्यंत जाणाऱ्या कंडरा बिघडतात आणि हात कामातून जातो. दोन्ही वर्णने इतकी जवळ असूनही त्यांच्यामधला धागा मात्र जोडला गेला नाही. त्याचा दोष प्राचीनांना देण्याचे कारण नाही. युरोपलाही तो धागा विसाव्या शतकापर्यंत नीट सापडला नव्हता.

याहून जुनी साक्ष मिसर देशाची आहे. १८६२ साली लक्सर येथे एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने एक पपायरसची गुंडाळी विकत घेतली. ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या काळातील असून तिच्यातील मजकूर त्याहून जुन्या ग्रंथावरून उतरलेला आहे. जेम्स ब्रेस्टेड यांनी १९३० साली तिचे भाषांतर प्रसिद्ध केले. तीत जखमांची ४८ प्रकरणे आहेत, डोक्यापासून सुरू होऊन खाली येणारी; त्यांतील पाच मानेच्या मणक्यांची आहेत. तपासणीची रीत पाहण्यासारखी आहे. वैद्य रोग्याला सांगतो, आपल्या दोन्ही खांद्यांकडे आणि छातीकडे पाहा. त्याला पाहता आले पण दुखले, तर मणक्याला लचक बसली आहे. पहिल्या दिवशी ताजे मांस बांधावे आणि नंतर बरे वाटेपर्यंत रोज मध लावावा. परंतु रोग्याला आपल्या हातापायांची जाणीवच उरली नसेल आणि लघवी नकळत होत असेल, तर मणका निखळला आहे.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तो वैद्य तीनपैकी एक निवाडा देतो: हा विकार मी बरा करीन, या विकाराशी मी झुंजेन, किंवा या विकारावर उपचार नाही. नुसत्या लचकेला पहिला निवाडा मिळाला, हातपाय गेलेल्याला तिसरा. साडेतीन हजार वर्षे उलटली, मांस आणि मध गेले, तरी मान दुखणाऱ्या माणसाविषयी वैद्यापुढचा पहिला प्रश्न तोच आहे. दुखणे मानेपुरतेच आहे की मानेच्या आतून जाणाऱ्या मज्जारज्जूपर्यंत पोहोचले आहे?

हा प्रश्न नीट समजण्यासाठी मानेची रचना थोडी पाहावी लागेल. चार-पाच किलो वजनाचे डोके सात मणक्यांच्या चवडीवर तोललेले आहे. वरचे दोन मणके सोडले तर मणक्या-मणक्यांमध्ये कूर्चेच्या चकत्या आहेत. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो आणि दोन्ही बाजूंनी मज्जातंतूंच्या आठ जोड्या बाहेर पडून मान, खांदे व हात यांकडे जातात. वय वाढते तशा चकत्या सुकतात, चपट्या होतात, मणक्यांच्या कडांना हाडांचे काटे फुटतात. याला स्पॉन्डिलोसिस म्हणतात. आपल्याकडे सर्रास 'स्पॉन्डिलायटिस झाला' असे म्हणण्याची रूढी आहे. पण ही दाहाची गोष्ट नव्हे, झिजेची आहे. या झिजेने कडेचा एखादा तंतू दाबला गेला तर कळ हातात उतरते. मधला रज्जूच दाबला गेला तर गोष्ट निराळी होते, आणि विलक्षण हे की त्या वेळी मान मुळीच दुखत नसण्याचाही संभव असतो.

चकती सरकून मज्जातंतू दाबते हे मिक्सटर आणि बार या दोघा अमेरिकन शल्यवैद्यांनी १९३४ साली दाखवून दिले. तोवर असल्या चकत्यांना कूर्चेच्या गाठी समजून त्या काढल्या जात असत. मानेतील झिजेमुळे मज्जारज्जूला होणाऱ्या इजेचे सविस्तर वर्णन लंडनमध्ये १९५२ साली रसेल ब्रेन, नॉर्थफील्ड आणि विल्किन्सन यांनी केले. आडनाव ब्रेन, विषय मज्जासंस्था, आणि निबंध ज्यात छापला त्या नियतकालिकाचेही नाव 'ब्रेन'! हा योग मजेचा असला तरी निबंध मोलाचा होता. १९५८ मध्ये मानेच्या पुढील बाजूने, गळ्याकडून शिरून खराब चकती काढण्याच्या शस्त्रक्रिया अमेरिकेत प्रसिद्ध झाल्या, आणि मिसरी वैद्याच्या 'झुंजेन' या निवाड्याला हत्यार मिळाले.

भारतात या विद्येचे पाऊल नेमके याच सुमारास पडले. वेल्लोरला जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये मेंदू व मज्जासंस्थेच्या शल्यक्रियेचा विभाग सुरू केला; १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग १९५७ मध्ये नौशीर वाडिया यांनी उभा केला. त्यांचे शिक्षण लंडनला झाले होते. १९६७ साली त्याच 'ब्रेन' नियतकालिकात वाडियांचा निबंध आला. मानेचे सर्वांत वरचे दोन मणके जन्मतःच एकमेकांवर नीट न बसल्याने मज्जारज्जूला इजा झालेल्या २८ रुग्णांचा तो अभ्यास होता. पाश्चात्त्य ग्रंथांत हा विकार दुर्मिळ म्हणून उल्लेखिला जाई. आपल्या देशात तो तितका दुर्मिळ नाही हे अशा अभ्यासांतून दिसून आले. आखूड मान, मागे खाली उतरलेली केसांची रेघ आणि तरुण वयातच अडखळू लागलेली चाल असा रोगी पाहिला की आपल्याकडील तज्ज्ञाला या दोन मणक्यांची आठवण होते.

त्याच मुंबईत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, या कथेचा पुढचा भाग घडला. निखळलेले ते दोन मणके पूर्वी तारेने बांधीत. तार तुटे, हाड सांधत नसे. अतुल गोयल यांनी दोन्ही मणक्यांत स्वतंत्र स्क्रू बसवून ते पट्टीने जोडण्याची रीत काढली आणि १९९४ साली ती प्रसिद्ध केली. २००१ मध्ये जर्मनीतील हार्म्स यांनी तीत फेरबदल करून ती मांडली, आणि आज जगभर ती गोयल-हार्म्स या जोडनावाने ओळखली जाते. महानगरपालिकेच्या, गिरणी कामगारांच्या वस्तीतील एका रुग्णालयातून निघालेली ही रीत आहे, हे आपल्या लोकांना फारसे ठाऊक नसते म्हणून मुद्दाम सांगितले.

दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था १९५६ मध्ये स्थापन झाली आणि तेथे मेंदू-शल्यचिकित्सेचा विभाग प्रकाश नारायण टंडन यांनी १९६५ मध्ये उभारला. ते १९६५ साल दुसऱ्या एका माणसाच्या आयुष्यातही निर्णायक ठरले. मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया यांनी २९ मे रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर पाऊल ठेवले, आणि त्याच वर्षीच्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात गोळी लागून त्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली. मिसरी वैद्याचा तिसरा निवाडा असल्यांसाठीच होता. तो निवाडा इंग्लंडमध्ये स्टोक मँडविल येथे लुडविग गटमन यांनी १९४४ पासून मोडीत काढावयास आरंभ केला होता. रज्जू जोडून नव्हे. रोग्याला कूस बदलून देऊन, मूत्रमार्गाची निगा राखून, खेळावयास लावून. अहलुवालिया तेथे उपचार घेऊन परतले आणि त्यांनी पुढे दिल्लीत वसंत कुंज येथे इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभे केले. त्याच युद्धात पाठीच्या कण्यात गोळी लागलेले आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकून आले.

ही झाली मोठ्या आघातांची कथा. कार्यालयात बसणाऱ्या माणसाचा शत्रू मात्र मुकाट येतो. माझ्या माहितीतील एका मंत्रालयातील कक्ष अधिकाऱ्याची गोष्ट सांगतो. मानदुखी त्यांना दहा वर्षे होती आणि ती त्यांनी नोकरीचा भाग म्हणून स्वीकारली होती. गळ्यात पट्टा, खांद्याला तेल, सुटीच्या दिवशी शेक. पुढे मान दुखणे कमी झाले, म्हणून घरचे खूश झाले. त्यानंतर काही महिन्यांनी बँकेने त्यांचा धनादेश परत पाठविला: सही जुळत नाही. त्यांनी पुन्हा सही केली, तीही जुळेना. सदऱ्याची बटणे लावताना वेळ लागे, चालताना पायातली चप्पल कळल्याशिवाय निसटे. याची कारणे त्यांनी वयात आणि चष्म्यात शोधली. अखेर कशासाठी तरी दवाखान्यात गेले असता एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उसळला. मग मधल्या बोटाचे टोक हलकेच टिचकावले, तर अंगठा आपोआप आत वळला. त्यांनी तेथल्या तेथे तज्ज्ञाकडे चिठ्ठी लिहिली. शस्त्रक्रियेने त्यांची चाल आणखी बिघडण्याची थांबली. सही मात्र पूर्वीसारखी परत आली नाही, बँकेत नवा नमुना द्यावा लागला.

अशा उशिराला ते एकटेच बळी पडतात असे नाही. इस्रायलमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, मानेतील मज्जारज्जूच्या दाबाची पहिली लक्षणे दिसल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी २ वर्षांहून अधिक काळ लोटतो. याचे कारण सरळ आहे. माणूस मानेकडे पाहत बसतो आणि रोग हातापायांत बोलत असतो. जपानी शल्यवैद्य ओनो यांनी १९८७ मध्ये एक साधी कसोटी सांगितली आहे: मूठ वळून पूर्ण उघडावयाची, जमेल तितक्या वेगाने. निरोगी हाताला १० सेकंदांत हे २० वेळा साधते. ज्याला साधत नाही त्याने लागलीच आपल्याला रोग लावून घेऊ नये, पण डॉक्टरांना ती गोष्ट जरूर सांगावी.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. अवघडलेली, लचकलेली मान बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपण सुटते. शेक, साध्या वेदनाशामक गोळ्या, आणि पट्टा बांधून पडून राहण्यापेक्षा जमेल तशी हालचाल, एवढे तिला पुरते. लीस आणि टर्नर या दोघा इंग्रज वैद्यांनी १९६३ साली वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या रुग्णांचा वृत्तांत दिला. नुसती मान वा हात दुखणाऱ्यांना पुढे मज्जारज्जूचा विकार जडतोच असे नाही, हे त्यातून दिसले. १९९० मध्ये अमेरिकेत ६३ धडधाकट माणसांच्या मानेची चुंबकीय चित्रे काढली गेली. चाळिशी उलटलेल्यांपैकी जवळजवळ ६० टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या होत्या, आणि त्यांपैकी एकालाही काही दुखत नव्हते. दिल्ली, गुडगाव आणि नोएडाच्या चौकाचौकांत आज एम. आर. आय.च्या पाट्या आहेत. तक्रार साधी असताना स्वतःच्या हौसेने तेथे जाऊन चित्र काढून आणणारा माणूस चित्रातील झिजेला भिऊन घरी परततो आणि त्या भीतीनेच त्याची मान अधिक आखडते. मोबाइलवर वाकल्याने मानेवर २७ किलो भार पडतो हा आकडाही असाच सर्वत्र फिरतो. तो २०१४ साली गणिती नमुन्यावरून काढलेला आहे, कोणा जिवंत मानेवर मोजलेला नाही. तासन्‌तास वाकून बसू नये हे खरेच. त्यासाठी त्या आकड्याची गरज नाही.

मग तज्ज्ञाकडे केव्हा जावे? दुखणे सहा आठवडे होऊनही हटत नसेल, किंवा कळ हातात उतरून बोटे बधिर होत असतील, तर डॉक्टरांना दाखवावेच. हाताची ताकद कमी होत असेल, अक्षर बदलत असेल, चाल डगमगत असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, किंवा मान पुढे वाकविताच विजेचा झटका पाठीतून खाली गेल्यासारखे वाटत असेल, तर आठवडे मोजीत बसू नये. मज्जासंस्थेच्या वा मणक्याच्या तज्ज्ञाची वेळ तत्काळ घ्यावी. या शेवटच्या लक्षणाला फ्रेंच वैद्य लर्मिट यांचे नाव १९२४ पासून चिकटले आहे. अपघातानंतर किंवा उंचावरून पडल्यानंतर मान दुखत असेल, तर रोग्याची मान न हलविता त्याला रुग्णालयात न्यावे. तीव्र ताप व डोकेदुखीसह मान ताठरली, किंवा छातीत दडपण, घाम आणि मानेत-जबड्यात कळ असे एकदम झाले, तर तो मानेचा आजारच नव्हे. त्याच घटकेला इस्पितळ गाठावे.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. संध्याकाळी कणकण, वजनात घट आणि रात्री झोपू न देणारी मानदुखी ही क्षयाची खूण असू शकते. मणक्याच्या अशा कुबडाचे वर्णन पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्येच करून ठेवले आहे. वाराणसीचे सुरेंद्र मोहन तुली यांनी १९७५ साली दाखविले की, वेळीच औषधे सुरू केली तर यांतील पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रिया लागतच नाही. सारी भिस्त त्या 'वेळीच' या शब्दावर आहे.

राहता राहिला तो हजामाच्या खुर्चीवरचा उपाय. दाढी झाली की हनुवटी आणि टाळू धरून मान एका झटक्यात कडकन वाजविण्याची प्रथा दिल्लीच्या फुटपाथावर जशी आहे तशी पुण्या-मुंबईतही आहे, आणि तिने सुख वाटते हे मी नाकारीत नाही. परंतु मानेच्या मणक्यांच्या बाजूंच्या छिद्रांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर चढतात. मानेला दिलेल्या अशा झटक्यांनंतर मेंदूला प्राणघातक इजा झाल्याची प्रकरणे अमेरिकेत १९४७ सालीच वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहेत. दाढी करून घ्यावी, चंपीही करून घ्यावी. आणि तो हनुवटीला हात घालू लागला की त्याला थांबवून खुर्चीवरून उठावे.